बदली कामगार

घरून काम करण्यासाठी कंपनीने मला जो डबा पाठवला तो पोळ्यांच्या डब्याहून लहान होता. काळा, पंखा नसलेला, आवाज नसलेला. मागे तीन वायरी: एक पडद्याची, एक इंटरनेटची, एक विजेची. मी आलेल्या वस्तूंची यादी तपासून खुणा करत होते, तेवढ्यात बाबांनी तो उचलून हातात तोलला.

"ह्येच्यात काय असता गो?"

"काही नाही, बाबा. रिकामा आहे."

"रिकामो डबो धाडल्यानी? बरे शाणे दिसतत तुझे शेट."

बाबा माझ्याशी शेवटपर्यंत मालवणीच बोलले. मी त्यांना मुंबईच्या मराठीत उत्तर द्यायचे. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ही अशीच पद्धत होती आणि दोघांचंही त्यात काही अडायचं नाही.

मी त्यांना समजावलं. माझं काम म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं, ते या डब्यात राहत नाही. ते सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या मोठ्या मशीनवर. तिथल्या पडद्याचं चित्र हा डबा इथे आणतो आणि माझं टायपिंग तिकडे पोचवतो. डबा चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागणार नाही. बँकेचं काम असल्यामुळे कंपनीला हेच हवं होतं. बाबांनी मान डोलावली आणि डबा जागेवर ठेवला. त्यांना किती ऐकू गेलं ते मला कळलं नाही. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात सगळं तरुणपण गेल्यामुळे त्यांचे कान अर्धे गेलेले होते. साचे म्हणजे माग. मागांच्या खात्यात एकमेकांशी बोलायचं तर हातवारे नाहीतर ओठ बघायचे, असं ते सांगत.

घरात आम्ही दोघंच. आई गेल्याला काही वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगण्याची ही जागा नव्हे. मी पन्नाशीची, फ्रिजवर याद्या लावणारी बाई: आजची, आठवड्याची, औषधांची, सोसायटीकडे करायच्या तक्रारींची. बाबांची औषधं वाढत गेली तशी ती यादी सर्वांत लांब झाली. त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. संध्याकाळ झाली की आई बाजारातून अजून का आली नाही, असं विचारायचे. सकाळी उठायला तयार नसत. अंघोळ म्हटलं की उद्या.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "गोळ्यांनी थोडंच होईल. त्यांना सकाळी उठायला कारण पाहिजे. काहीतरी काम द्या, ज्याची ते वाट बघतील. एकदा माणसाने अंथरूण धरलं ना, की मग तो फार भरभर खालावतो."

मी घरी येऊन यादीत सर्वांत वर लिहिलं: बाबांना काम.

काम सापडलं ते अपघाताने. सर्व्हरचा एक नियम होता. काही मिनिटं माउस हलला नाही, की माणूस उठून गेला असं समजून पडद्याला कुलूप लागायचं. मग परत पासवर्ड, मग फोनवर आलेला आकडा, मग चक्र फिरत बसायचं. शिवाय टीममध्ये सर्वांना दिसणारा माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा व्हायचा. कुकर लावायला गेले की कुलूप. दूधवाल्याला दार उघडायला गेले की कुलूप. एकदा मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बाबा, जरा तो माउस हलवा ना!"

ते उठून आले. माउसवर हात ठेवला, तो उजवीकडे नेला, डावीकडे आणला. पडदा तसाच राहिला.

"झाला?"

"झालं. नाहीतर झोपतं ते."

"म्हणजे तू चायेक जाशीत तेव्हा माणूस लागता."

"लागतो," मी म्हटलं.

त्यावर ते बराच वेळ हसले. गिरणीतही असंच असायचं, म्हणाले. कामगार लघवीला किंवा चहाला गेला की शेजारच्याला खूण करून जायचा, आणि शेजारचा आपल्या साच्यांबरोबर त्याचेही साचे बघायचा. कुणी आलाच नाही, तर त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. बाबा स्वतः गावाहून आल्यावर कितीतरी दिवस बदलीवरच होते. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि मुक्कादमाने बोट दाखवलं तर आत जायचं. "पयल्या दिवशी बोट माझ्याकडे केल्यान तेव्हा मी मागे वळान बघलंय. म्हटलंय, दुसऱ्याकच दाखवता."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबांची अंघोळ झालेली होती. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून ते माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर येऊन बसले होते.

"पाळी कितीक सुरू होता?"

असं ते सुरू झालं. मी उठले की ते माझ्या खुर्चीत यायचे. माउस सावकाश एका बाजूला न्यायचे, थांबायचे, परत आणायचे. धोट्यासारखा, म्हणत. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा. माझ्या लहानपणी असा एक धोटा आमच्याकडे खेळायला होता. कळफलकाला ते कधीच हात लावत नसत. डोळे पडद्यावर. मध्येच कुणी बेल वाजवली तरी उठायचे नाहीत. वर मलाच ओरडायचे, "दार उघड गो, मी मशीनवर आसंय!"

नियमाप्रमाणे पडद्यासमोर दुसरं कुणी बसायचं नसतं. म्हणून उठताना मी कामाच्या खिडक्या मिटवून एखादी साधी, आकडे सरकणारी खिडकी तेवढी उघडी ठेवायचे. मी व्यवस्थित बाई आहे. व्यवस्थितपणाने बसवता येईल तेवढं बसवलं.

आमचा टीमलीड मुलुंडला राहतो, माझ्याहून वयाने बराच लहान. एकदा मीटिंग संपल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमचा ठिपका कधीच पिवळा होत नाही यार. जेवता की नाही?"

"जेवते. माझ्याकडे बदली कामगार आहे."

"आम्हाला पण द्या की एखादा. इथे टॉयलेटला जाऊन आलो तरी कुलूप. वाट लागते डोक्याची."

बाबांनी पडद्यावर त्याचे हलणारे ओठ बघितले होते. "मुक्कादम काय म्हणता?"

"तुमच्यासारखा माणूस त्यांना पण पाहिजे म्हणतात."

"त्येका सांग, हयसरची पाळी भरलेली हा."

त्या दिवसांत संध्याकाळी आईची चौकशी थांबली. वार लक्षात राहायला लागले, कारण शनिवार-रविवार सुट्टी असायची आणि सुट्टीचा त्यांना कंटाळा यायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, नवीन काय सुरू केलंत? मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे थांबवू नका." मी घरी येऊन यादीतल्या त्या ओळीवर खूण केली. माझ्या याद्यांमधल्या फार थोड्या खुणा मला आठवतात. ती आठवते.

आणि मग तो दुपारचा प्रसंग.

मी नव्या प्रोग्रॅमच्या चाचण्या लावून दिल्या होत्या. चाचण्या लावल्या की सर्व्हर एकेक भाग तपासत जातो आणि पडद्यावर ओळी वर सरकत राहतात. बरोबर असेल तर पांढरी ओळ, चुकलं तर लाल. पुष्कळ वेळ चालणारं काम, त्याच्यापाशी बसून राहण्याची गरज नसते. बाबांना खुर्ची देऊन मी आत जाऊन मिक्सरमध्ये खोबऱ्याचं वाटप फिरवायला घेतलं. बाहेर पांढऱ्या ओळी संपून लाल सुरू झाल्या. एक, मग भराभर, मग सगळा पडदा लाल. यात नवल काहीच नव्हतं. एका ठिकाणी चूक झाली की तिच्यावर उभं असलेलं सगळं पडतं, आणि ते कळावं म्हणूनच चाचण्या असतात.

बाबांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांच्या खात्यात ताण्याची तार, म्हणजे उभं सूत, तुटली आणि साचा चालू राहिला, तर पुढचं सगळं कापड खराब. अशा वेळी कुणाला विचारत बसायचं नाही. हात आधी साचा बंद करायला गेला पाहिजे, हे त्यांना बदलीवर असतानाच शिकवलेलं. त्यांनी मला हाका मारल्या. मिक्सरच्या आवाजात मला ऐकू आल्या नाहीत. मग त्यांनी वाकून विजेच्या बोर्डावरचं बटण बंद केलं.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा पडदा काळा होता आणि बाबा खुर्चीमागे उभे होते.

"बंद केलंय मी. तार तुटली, बाय. सगळी तुटाक लागली. तुका हाक मारलंय, तू आयकूक नाय."

"असू दे, बाबा. काही झालं नाही."

"काम फुकट गेला तुझा."

"काही गेलं नाही. बसा तुम्ही. दाखवते."

मी बटण लावलं, पासवर्ड घातला, फोनवरचा आकडा घातला. चित्र परत आलं. सगळं होतं तिथेच होतं. माझी खिडकी, माझा कर्सर, मिटवलेल्या खिडकीत मी अर्धवट सोडलेला शब्दसुद्धा. चाचण्या तेवढ्या वेळात शेवटपर्यंत जाऊन संपल्या होत्या आणि खाली निकालाची ओळ आली होती.

"बघा," मी म्हटलं. मला आनंदच झाला होता. "तुम्ही बंद केलंत तरी ते चालूच होतं. पुरं करून मोकळं झालं."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "ता चालूच होता?"

"हो ना. ते इथे नाहीच. इथे फक्त चित्र. डबा बंद केला, वायर काढली, वीज गेली, तरी तिकडे काही थांबत नाही."

"मी बंद केलंय तरी."

"तरी."

समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. नव्या मुलांना मी हेच शिकवते. त्या दिवशी मला वाटलं, बाबांची भीती गेली, झकास झालं. ते स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने बेल वाजली, तशी त्यांनीच उठून दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी ते पाळीला आले, पण शर्ट आदल्या दिवशीचाच होता. मी कुकर लावायला उठले. परत आले तर पडद्याला कुलूप. बाबा स्टुलावरून हललेच नव्हते.

"बाबा, माउस?"

"ऱ्हवला."

"अहो, कुलूप लागलं ना."

"लागू दे. तुझ्या दाराक कुलूप लागता. काम भितर चालूच ऱ्हवता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बसलंय तरी चालता, मी उठलंय तरी चालता. मगे मी बघत होतंय काय?"

मी पुष्कळ सांगितलं. कुलूप लागलं की मला किती त्रास होतो, ठिपका पिवळा होतो, मुक्कादम विचारतात. सगळं खरं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसं.

मी लगेच नवी यादी केली. मटार सोलणं. कपड्यांच्या घड्या. दुधावर लक्ष. रद्दी बांधणं. झाडांना पाणी. रोज सकाळी एकेक काम त्यांच्यासमोर ठेवत गेले. त्यांनी मटार सोलले, एकही दाणा खाली पडू न देता. घड्या घातल्या. दूध उतू जाऊ दिलं नाही. आणि एके दिवशी घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात देत म्हणाले, "बाय, कामाक आणि खेळवण्याक फरक आसता. माका कळता तो. विसारलंय मी, पण तितक्या नाय विसारलंय."

त्यानंतर घड्यांची ती ओळ मीच खोडली.

मग एकदा जेवताना ते म्हणाले, "ता मशीन खंय हा? माका थयसर घेवन चल."

"कुठे?"

"जंय चालता थंय. बघूया तरी. माणसां आसतली ना थंय? तेंका एकादो म्हातारो बघूक लागत आसात."

इतक्या दिवसांत प्रथमच ते स्वतःहून काहीतरी मागत होते. मी टीमलीडला फोन केला. तो म्हणाला, "ताई, खरं सांगू का? मला पण माहीत नाही. कुणी सांगतं अंधेरीला, चकाल्याच्या पुढे तो बिनखिडक्यांचा टॉवर आहे ना, त्यात. कुणी सांगतं हैदराबाद. आपण विचारायचं पण नसतं. का हो?"

"सहज."

इतकी वर्षं त्या मशीनवर माझं पोट चाललं होतं आणि ते कोणत्या गावात आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. मी याआधी कधी विचारलंही नव्हतं. शनिवारी मी अंधेरीला जायला रिक्षा केली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात पेन लावलं. हायवेला दिंडोशीचा पूल लागला तेव्हा म्हणाले, गिरणी गेल्यावर इथल्या एका कॉलनीत मी रखवाली केली, तुला आठवतं? मला आठवत होतं. त्यांनाही आठवत होतं, याचं मला बरं वाटलं.

इमारत उंच होती, करडी, एका बाजूला पंख्यांच्या जाळ्या मजल्यांवर मजले चढत गेलेल्या. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "वडिलांना बाहेरूनच बघायचं होतं. माझं काम इथल्या मशीनवर चालतं." इथल्याच मशीनवर चालतं की नाही ते मला माहीत नव्हतं. तेवढं मी गाळलं.

"बघा की. आत नाही सोडता येणार हां काका. मी पण आत गेलेलो नाही."

बाबांना बोलणं नीट ऐकू आलं नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी फाटकाच्या लोखंडी पट्टीवर तळहात टेकला. रस्त्यावर इतक्या गाड्या असताना मला तिथला वेगळा आवाज कळत नव्हता. बाबांना हातातून कळला.

"चालता हा," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "मोठा खाता हा." मग रखवालदाराला, मोठ्याने, जमेल तितक्या शुद्ध मराठीत: "भाऊ, एका पाळीत किती माणसं असतात?"

"माणसं?" रखवालदार हसला. "काका, माणसं कुठली? आत नुसत्या मशिनी. एसी बघायला दोघं येतात, चक्कर मारून जातात. आणि आम्ही गेटवर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ स्पष्ट हलवून सांगितलं: माणसं नाहीत.

"पाळी सुटता तेव्हा कोण भायर येता?"

"पाळी नाहीच, बाबा."

"बिघाडला तर?"

रखवालदार म्हणाला, "ते बाहेरून बघतात म्हणे. लांब बसून. कुठून ते काय आपल्याला माहीत नाय."

मी तेही सांगितलं. बाबांनी हात पट्टीवरून काढला नव्हता. ते वर जाळ्यांकडे, मग फाटकाच्या आतल्या मोकळ्या पटांगणाकडे बघत होते. एका कामगाराची सायकल नाही, चहाची टपरी नाही, डब्याची पिशवी नाही. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. दाराला कुलूप आणि बाहेर माणसांची गर्दी, एवढं मला आठवतं. ते चित्र त्यांना समजत होतं. गिरणी बंद, म्हणून माणसं बाहेर. इथे सगळं चालू होतं.

"चल," ते म्हणाले, "घराक जावया."

रखवालदाराने आपली खुर्ची पुढे केली. "काका, बसा दोन मिनिटं, रिक्षा येईपर्यंत." बाबा बसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी काय काय करून बघायचं, याची मी रिक्षात मनातल्या मनात यादी करायला घेतली आणि गोरेगावच्या पुढे मला काही सुचेना.

सोमवारी सकाळी मी त्यांना उठवायला गेले. ते जागेच होते, छताकडे बघत.

"बाबा, उठा."

"कित्याक?"

आवाजात राग नव्हता. कशासाठी उठायचं, हे ते मला खरोखर विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबले होते.

"चहा गार होईल," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला, मग पांघरूण बाजूला सारलं आणि उठले. त्यानंतर काही दिवस चहा पुरला. मी तो थोडा उशिरा करू लागले, वेलची घालून, वास आतल्या खोलीत जाईल असा. ते यायचे, प्यायचे, परत जाऊन पडायचे. संध्याकाळी आईची चौकशी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि दुसरं काही सुचवलं नाही.

मग एका सकाळी मी हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "आसू दे गो. गार पियेन," आणि भिंतीकडे वळले. मी कप त्यांच्या उशाशी ठेवला, वर बशी झाकली आणि कामाला बसले. दुपारी जेवायला उठवायला गेले तेव्हा ते जागेच होते, भिंतीकडे बघत, आणि बशी तशीच होती.